स्लीप ॲप्नियाच्या मशीनचा एअर फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं. त्यावर मास्कमधून दाबाने हवा देणारी सीपॅप आणि बायपॅप मशीन घरोघरी लावून द्यायचं माझं काम. मशीन लावलं की पहिला महिना मास्कच्या तक्रारींचे फोन येतात. मास्क नाकाला बसला की फोन थांबतात आणि सहा-आठ महिन्यांनी पुन्हा सुरू होतात, ते फिल्टरसाठी. मशीनच्या सामानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिथे जाऊन वाचा.

१. फिल्टर असतो कुठे? दीड वर्ष मशीन वापरतोय, आत फिल्टर आहे हेच मला माहीत नव्हतं.

असं म्हणणारे तुम्ही पहिले नाही. मशीनच्या मागच्या बाजूला किंवा कडेला, पाइप जोडतो तिथून लांब, एक छोटं झाकण असतं. त्यावर बारीक खाचा किंवा जाळी दिसते. मशीन तिथूनच खोलीतली हवा आत घेतं. झाकणाच्या कडेला नख घालून ओढलं की ते निघतं आणि आत काडेपेटीएवढी किंवा त्याहून थोडी मोठी चकती दिसते. तोच फिल्टर.

मात्र मशीन फिरवून बघण्याआधी हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी (ह्युमिडिफायर) बाहेर काढा. टाकी भरलेली असताना मशीन आडवं-तिडवं केलं तर पाणी थेट मोटरमध्ये जातं. फिल्टर बघायला गेले आणि मशीन दुरुस्तीला पाठवावं लागलं, अशी घरं मी पाहिली आहेत.

२. पण फिल्टरची गरज काय? मास्क तर नाकावर घट्टच असतो.

मास्कमध्ये येणारी हवा खोलीतलीच असते. मशीन ऑक्सिजन तयार करत नाही, खोलीतली हवा ओढून दाबाने पुढे ढकलतं. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार जगापुढे मांडला, तेव्हाच्या सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. आजचं मशीन हातात मावणारं आणि जवळपास मुकं झालं आहे, पण हवा ओढायची आणि ढकलायची हे काम तेच आहे.

आता हिशोब करा. मास्कवरची बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, सोडलेला श्वास बाहेर जावा म्हणून. साधारण १० सेंटिमीटर दाबावर (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) त्या भोकांतून मिनिटाला तीसेक लिटर हवा बाहेर पडते. सात तासांच्या झोपेत ती बारा हजार लिटरच्या वर जाते. सोसायटीत पाण्याचा दहा हजारी टँकर येतो ना, त्याहून जास्त हवा एका रात्रीत त्या काडेपेटीएवढ्या चकतीतून जाते. त्या हवेतली धूळ, केस, गादीचा कापूस हे सगळं एकतर फिल्टरमध्ये अडकतं, नाहीतर मोटरमध्ये आणि तुमच्या नाकात पोचतं.

३. फिल्टर धुवायचा की फेकायचा? दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरंच.

दोघंही बरोबर असतील, कारण फिल्टर दोन जातींचे असतात.

हाताला स्पंजासारखा लागणारा, दाबला की पुन्हा फुगणारा, करडा, काळा किंवा गडद निळा, तो धुवायचा. पातळ, कागदासारखा किंवा दाबलेल्या कापसासारखा, बहुतेक वेळा पांढरा किंवा फिका निळा, तो फेकायचा. तो धुतला की त्याचे तंतू विस्कटतात. वरून स्वच्छ दिसतो, पण धूळ अडवण्याची ताकद गेलेली असते.

रेसमेडच्या एअरसेन्स १० आणि ११ मध्ये पांढरा, न धुण्याचाच फिल्टर येतो. फिलिप्सच्या जुन्या ड्रीमस्टेशनमध्ये दोन असतात: निळा धुण्याचा, तो कायम लागलेलाच हवा, आणि फिका निळा अतिसूक्ष्म धुळीसाठी, तो वापरून फेकायचा. इतर कंपन्यांच्या मशीनमध्ये यातला एक किंवा दोन्ही सापडतात. रंगावरून खात्री होत नसेल तर माहितीपुस्तिकेत बघा. पुस्तिका हरवली असेल (हरवलेलीच असते) तर मशीनच्या खालच्या स्टिकरवरचं मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, पुस्तिका मिळेल.

४. किती दिवसांनी धुवायचा, किती दिवसांनी बदलायचा?

कंपन्यांचे आकडे असे. एअरसेन्सचा पांढरा फिल्टर महिन्यातून एकदा तपासायचा आणि निदान सहा महिन्यांनी बदलायचा. ड्रीमस्टेशनचा धुण्याचा फिल्टर निदान दोन आठवड्यांनी धुवायचा आणि सहा महिन्यांनी नवा घ्यायचा. त्याचा फिका निळा ३० रात्रींनंतर टाकायचा, आधी मळला तर आधी.

यातला ‘निदान’ आणि ‘आधी मळला तर आधी’ हाच भाग लोक वाचत नाहीत. आपल्याकडे खिडक्या उघड्या, डोक्यावर पंखा, खाली रस्ता. पांढरा फिल्टर सहा महिने पुरला असं घर मला क्वचितच दिसतं. पुण्या-मुंबईत रस्त्याला लागून असलेल्या घरांना मी दोन महिने सांगतो. बाजूला इमारतीचं काम चालू असेल तर महिना. बाराव्या मजल्यावर, बंद खिडकीत, एसी लावून झोपणाऱ्याचा चार-पाच महिनेही टिकतो. धुण्याचा स्पंज मात्र सगळ्यांनीच आठवड्याला धुवावा. रविवारी मास्क आणि पाइप धुताच, तेव्हाच तोही.

५. मळलाय की नाही हे ओळखायचं कसं? मला तर तो नेहमीच करडा दिसतो.

रात्री ट्यूबलाइटखाली बघू नका. दिवसा खिडकीशी जा. नवा फिल्टर शेजारी धरा, त्यासाठी पाकिटातला एक कायम राखून ठेवा.

पांढरा फिल्टर झाकणातून काढला की मधला भाग मळका आणि कडेला बारीक पांढरी चौकट दिसते. झाकण दाबून बसतं त्या जागेतून हवा जात नाही, म्हणून ती चौकट नवीच राहते. तुमच्या फिल्टरचा मूळ रंग तीच सांगते. मधला भाग फिका राखाडी झाला असेल तर फिल्टर काम करतोय, अजून थोडे दिवस चालेल. चौकट आणि मध्य यांत ठळक फरक पडला, किंवा नख फिरवल्यावर धुळीचा पापुद्रा निघाला, की टाका. तारीख काहीही असो. भोक, चीर, ओलसर डाग किंवा काळे ठिपके दिसले तर विचारच करू नका.

स्पंज काळाच असेल तर रंगावरून काही कळत नाही. तो पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. धूळ पडली की धुवायची वेळ झाली.

६. स्पंजवाला फिल्टर धुण्याची नीट पद्धत सांगा.

मशीन बंद करून प्लग काढा. स्पंज कोमट पाण्यात घाला, भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब टाका आणि मुठीत हळूहळू दाबत राहा. पहिलं पाणी चहासारखं निघालं तर घाबरू नका. फेस पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धरा, कारण राहिलेल्या साबणाचा वास रात्रभर तुमच्याच नाकात जाणार आहे. मग पिळू नका. पिळलं की स्पंजाला चिरा पडतात. पंचात गुंडाळून दाबा आणि सावलीत ठेवा.

डेटॉल, ब्लीच, व्हिनेगर, वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर, कडक ऊन यातलं काहीही नको.

७. पांढरा फिल्टर झटकून, टूथब्रशने किंवा ब्लोअरने साफ केला तर? धुवायचा नाही, एवढंच ना?

नाही, तेही नको. धूळ तंतूंच्या वर बसलेली नसते, त्यांच्या आत अडकलेली असते. झटकल्याने वरची जाड धूळ पडते, बारीक राहते. ब्रश किंवा ब्लोअरने तंतूच सरकतात आणि डोळ्याला न दिसणारी वाट तयार होते. उलटा करून लावणं हा तर सगळ्यात वाईट उपाय: आत्तापर्यंत अडवलेली धूळ हवेचा झोत थेट मोटरमध्ये नेतो.

८. धुतलेला स्पंज वाळला नाही. एक रात्र फिल्टरशिवाय मशीन चालवू का?

फिल्टरशिवाय नको, ओला फिल्टर लावूनही नको. ओल्यातून हवा नीट जात नाही आणि ओल आत खेचली जाते. खरा उपाय म्हणजे दोन स्पंज ठेवा, एक मशीनमध्ये, एक दोरीवर. धुवायचा तर सकाळी, संध्याकाळी नाही.

त्याच रात्री अडकला असाल तर जुना सुका फिल्टर, कितीही मळका असो, लावा. तोही नसेल आणि ॲप्निया तीव्र असेल तर उपचार बुडवावा का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

९. बाजारात मिळणारं दहाचं स्वस्त पाकीट चालेल का? की कंपनीचाच हवा?

कंपनीचाच हवा असा माझा हट्ट नाही. आकार तंतोतंत हवा, एवढंच. एअरसेन्स १० चा फिल्टर ११ ला बसत नाही, प्रवासातल्या एअरमिनीचा तिसराच. पाकिटावर ‘सर्व मशीनसाठी’ लिहिलं असेल तर ते पाकीट तिथेच ठेवा.

मी स्वतः एकदा फसलो. मागवलेले फिल्टर चित्रात हुबेहूब होते, हातात आले तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटर आखूड. लावले, झाकण लागलं, सगळं ठीक वाटलं. महिन्याने काढले तर फिल्टर जवळपास पांढरा आणि शेजारची प्लास्टिकची कड काळी. हवा मोकळ्या फटीतून जात होती. तेव्हापासून नवीन पाकिटातला पहिला फिल्टर जुन्यावर ठेवून चारी कडा बघतो, आणि लावल्यावर दिव्यासमोर धरून फट दिसते का ते पाहतो.

जाडीही बघा. फार जाड स्पंज कोंबला तर झाकण ‘टक’ करून बसत नाही.

१०. एसीची जाळी किंवा एन ९५ मास्क कापून लावला तर? नाहीतर दोन फिल्टर एकावर एक?

लॉकडाउनमध्ये हे प्रयोग खूप झाले. एन ९५ चं कापड या मशीनसाठी मोजलेलं नाही. कापलेल्या कडेचे धागे सुटून आत जाऊ शकतात आणि हवेला किती अडथळा येतो याचा अंदाज लागत नाही. एसीची जाळी उलट फारच विरळ असते.

कंपनीने दोन दिलेले असतील (प्रश्न ३ मधलं ड्रीमस्टेशन) तरच दोन लावा. एकाच्या जागेत दोन कोंबले की मोटर जास्त फिरते, आवाज वाढतो आणि फायदा नसतो.

११. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांचा वास मास्कमध्ये येतो. फिल्टर खराब झालाय का?

फिल्टर ठीक आहे. तो कण अडवतो, वास आणि वायू अडवत नाही. धुरातले काही कण अडकतील, वास मात्र येणारच. म्हणून झोपायच्या खोलीत कॉइल नको. द्रवाचं यंत्र लावत असाल तर मशीनपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, नाहीतर मच्छरदाणी लावा. मच्छरदाणीचं कापड मशीनच्या हवेच्या तोंडावर येणार नाही एवढं बघा. पडदा आणि गोधडीचंही तेच.

दिवाळीचे चार दिवस वेगळे. फटाक्यांचा धूर खोलीत आला की फिल्टर एका रात्रीतही काळवंडतो. भाऊबीज झाली की बदला, मग महिना पूर्ण झालेला असो वा नसो.

१२. फिल्टर पंधरा दिवसांत काळा होतो. मशीन बिघडलंय?

बहुतेक मशीन चुकीच्या जागी आहे. एका घरी आजींच्या फिल्टरवर धुळीऐवजी पांढरा भुरभुरीत थर यायचा. बघितलं तर मशीन खाटेखाली जमिनीवर, आणि वर कापसाची गादी, जी रोज सकाळी त्याच खोलीत झटकली जायची. टीपॉय आणून मशीन वर घेतलं, गादीला बंद खोळ शिवली, आणि फिल्टर दोन महिने टिकू लागला.

जमिनीवर मशीन ठेवलं की झाडूची सगळी धूळ त्याच्याच वाट्याला येते. गादीच्या उंचीएवढ्या टेबलावर ठेवा, पण डोक्यापेक्षा वर नाही, नाहीतर पाइपमधलं पाणी मास्ककडे उतरतं. भिंतीपासून वीतभर लांब. खोली झाडण्याआधी मशीनवर स्वच्छ कापड टाका, आणि रात्री चालू करण्याआधी ते काढायला विसरू नका. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर केसांसाठी आठवड्याला एक नजर टाका.

१३. आम्ही कोकणात असतो. पावसाळ्यात फिल्टरला कुबट वास येतो.

दमट हवेत फिल्टरमधली धूळ ओल धरते आणि तिच्यावर बुरशी येते. जून ते सप्टेंबर पांढरा फिल्टर दर महिन्याला बदला, दिसायला चांगला असला तरी. सुटे फिल्टर डाळ-तांदळासारखे हवाबंद डब्यात ठेवा. सकाळी टाकी काढून रिकामी करा, पाणी दिवसभर मशीनमध्ये राहू देऊ नका. काळे ठिपके दिसले तर फिल्टर फेका, झाकण पुसा आणि आत ठिपके आहेत का बघा. आतही असतील तर मशीन सर्व्हिसला द्या.

१४. ‘फिल्टरचं पाणी’ टाकीत चाललं का?

हा प्रश्न इतका येतो की इथे घ्यावाच लागला. एअर फिल्टरचा पाण्याशी संबंध नाही. घरच्या आरओच्या पाण्याबद्दल विचारत असाल, तर कंपन्या डिस्टिल्ड वॉटर सांगतात. आरओच्या पाण्यात थोडे क्षार राहतात आणि टाकीच्या तळाला पांढरा थर येतो. एखाद्या रात्री चालेल, रोज नको.

१५. मशीनचा आवाज वाढलाय आणि एएचआयसुद्धा. फिल्टरमुळेच ना?

आवाज कदाचित फिल्टरमुळे. फिल्टर तुंबला की तोच दाब द्यायला मोटरला जास्त फिरावं लागतं. नवा फिल्टर लावून बघा, फरक पडला तर उत्तर मिळालं. झाकण नीट बसलं नसेल तर शिट्टीसारखा आवाज येतो.

एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला तो आकडा, वाढला की लोक आधी फिल्टरवर खापर फोडतात. मशीन दाब राखायचा प्रयत्न करत असतं, त्यामुळे थोड्या मळलेल्या फिल्टरने हा आकडा सहसा हलत नाही. आधी मास्कची गळती बघा, मग वजन वाढलंय का, नाक बंद असतं का. आकडा अनेक रात्री ५ च्या वर राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

१६. स्क्रीनवर ‘फिल्टर बदला’ असं येतं, पण फिल्टर स्वच्छ आहे.

मशीनला धूळ दिसत नाही, ते फक्त दिवस मोजतं. फिल्टर प्रश्न ५ प्रमाणे तपासा. स्वच्छ असेल आणि कंपनीची मुदत संपली नसेल तर सूचना पुसून टाका. याच कारणाने उलटंही खरं: सूचना आली नाही म्हणजे फिल्टर ठीक आहे असं नाही.

१७. सर्दी-खोकला झाल्यावर फिल्टर बदलायचा का? आणि बॅक्टेरियल फिल्टर लावू का?

मागचा फिल्टर आत येणारी हवा गाळतो, तुमचा श्वास तिथपर्यंत सहसा जात नाही. आजारपणानंतर मास्क, पाइप आणि टाकी नीट धुवा. फिल्टरही बदललात तर हरकत नाही, स्वस्त वस्तू आहे.

बॅक्टेरियल फिल्टर ही वेगळी वस्तू, मशीनच्या तोंडाशी पाइपच्या आधी लागते. तिने हवेला अडथळा येतो, आणि काही मशीनमध्ये ती लावल्याची नोंद मशीनच्या डॉक्टरांसाठीच्या मेनूत करावी लागते, तरच दाब बरोबर राहतो. ह्युमिडिफायरच्या वाफेने ती ओली होऊन तुंबूही शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

१८. ओझोनने सगळं आपोआप साफ करणारी पेटी घेतली तर फिल्टरची कटकट संपेल?

संपणार नाही. ओझोन धूळ काढत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२० मध्येच अशा ओझोन आणि अतिनील किरणांच्या पेट्यांबद्दल सावध केलं होतं. ओझोन राहिला तर श्वसनमार्गाला त्रास होतो.

याला जोडून एक गोंधळ. फिलिप्सने जून २०२१ मध्ये अनेक मशीनं परत मागवली, ती एअर फिल्टरमुळे नव्हे, तर आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकतात म्हणून. ओझोनने ती झीज वाढू शकते, असंही तेव्हा सांगितलं गेलं. तुमच्याकडे त्या काळातलं मशीन असेल किंवा पाइपमध्ये काळे कण दिसले, तर फिल्टर बदलून समाधान मानू नका. मशीनचा क्रमांक घेऊन विक्रेत्याशी आणि डॉक्टरांशी बोला.

१९. बाबांकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) आहे. त्याचा फिल्टर याला चालतो का?

नाही. त्याच्या बाहेरचा जाड स्पंज प्रश्न ६ प्रमाणेच धुता येतो, पण तो त्याच यंत्राचा. दोन्ही यंत्रं एका खोलीत असतील तर एकमेकांच्या हवेच्या तोंडाशी ठेवू नका.

२०. आई-बाबा सहा महिने अमेरिकेत मुलाकडे येणार आहेत. फिल्टर भारतातून आणावेत का?

चार-पाच आणावेत, बॅगेत जागा लागत नाही. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत महिन्याला दोन फेकायचे आणि सहा महिन्यांत एक धुण्याचा फिल्टर मिळतो, पण तो तिथल्या लाभार्थींना, पाहुण्या आई-बाबांना नाही. एप्रिल-मेमध्ये परागकणांचा हंगाम असतो. अंगणात उभ्या गाडीवर पिवळी पूड दिसायला लागली की फिल्टर काढून बघा, तोही पिवळसर झालेला असेल.

२१. खरं सांगतो, तीन वर्षं फिल्टर बदललाच नाही. आता नुसता बदलून चालेल?

आज नवा लावा, पण त्याआधी टॉर्च घेऊन फिल्टरच्या मागची जागा बघा. तिथे थोडी धूळ असेल तर कोरड्या, न धागे सुटणाऱ्या कापडाने पुसा. आत फुंकर मारू नका. धुळीचे गोळे दिसले, मशीन गरम होत असेल किंवा हवेला जळका वास असेल, तर ते न वापरता सर्व्हिस सेंटरला द्या आणि तोवर भाड्याचं मशीन मिळतं का विचारा. स्वतः स्क्रू उघडू नका.

तीन वर्षांचा तो फिल्टर मात्र लगेच फेकू नका. सर्व्हिसला जाताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, आत किती धूळ गेली असेल याचा अंदाज तंत्रज्ञाला त्यावरूनच येतो.